कवडीमोल

कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं की माझे गुडघे दुखतात. पण थंडीतल्या रविवारी पहाटे पाचला, दोन किलोची लेन्स खांद्याला अडकवून मी कवडी पाटला निघतो तेव्हा गुडघ्यांची तक्रार नसते. बायकोने याची नोंद घेतलेली आहे.

कवडी पाट म्हणजे हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारा मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. अख्ख्या पुण्याने नदीत जे जे सोडलं ते इथे येऊन थबकतं. वासाची सवय दहा मिनिटांत होते, फेसाची मात्र होत नाही. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेला चक्रवाक इथे उतरतो आणि थर्माकोलच्या ताटलीशेजारी चोच खुपसतो. ती ताटली फोटोत येऊ न देणं एवढंच आपलं काम, बाकीचं कॅमेरा बघतो, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी एक कवड्या खंड्या, म्हणजे काळा-पांढरा किंगफिशर, पाण्यावर अधांतरी थांबला. पंख फडफडताहेत, चोच खाली, नजर पाण्यात. एरवी डोळ्याला लावेपर्यंत पसार होणारी ही जात अशी समोर टांगून मिळाली, म्हणून मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. खटखटखटखट. शेजारच्या टोपीवाल्या काकांना राहवलं नाही.

"शटर स्पीड किती?"

"एक हजार."

"अहो, 1/2500 सेकंद तरी ठेवा. नुसते पंखांचे फराटे येतील. आणि तो नाही, ती आहे. छातीवर एकच काळा पट्टा. नराला दोन असतात."

मी पट्टे मोजत असतानाच बाईंनी सूर मारला आणि माझ्या कॅमेऱ्याने मौन धरलं. बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरला होता. बटण दाबतोय, आतून हूं की चूं नाही. ती पाण्यात शिरली, बाहेर आली, मासा घेऊन दगडावर बसली, मासा दगडावर आपटायला लागली, तरी कॅमेऱ्यातला लाल दिवा आपला लुकलुकतोय. काका सज्जन. काही बोलले नाहीत, नुसते हसले.

घरी येऊन मोजले, 843 फोटो. बहुतेकांत पाणी सुरेख आलंय आणि त्यावर एक राखाडी डाग आहे. काहींत शेपटीच नाही. अगदी शेवटचा तेवढा जमला होता. दगडावर ती, चोचीत आडवा मासा, चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब, माशाचा वाटोळा डोळासुद्धा स्वच्छ. आणि कोपऱ्यात ताटली. चहा गार झाला तरी मी बघतच होतो. शेवटी आईला हाक मारली.

तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"मासा त्याच पाण्यातला?"

"हो."

"आणि ती तो खाणार?"

"खाल्लासुद्धा."

"अरे, मग फोटो कसले काढत बसलास? तिला आधी हुसकून तरी लावायचंस!"