एसटीतला फोटो पुरे झाला, आबासाहेबांचं काम सांगा

३० जुलै, म्हणजे आबासाहेबांची पुण्यतिथी, आली की दरवर्षी तेच. सांगोल्याचे आमदार आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, यांचा एसटीतला फोटो, खाली 'असा आमदार होणे नाही' आणि कमेंटमध्ये आजच्या आमदारांच्या फॉर्च्युनरचा उद्धार. फोटो मीही शेअर केलाय, नाही असं नाही. पण आता त्याचा कंटाळा आला. साधा माणूस म्हणून लोक एकदा हार घालतात, अकरा वेळा निवडून देत नाहीत.

आणि सांगोल्याने त्यांना सवलत दिली नव्हती बरं का. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापूंनी १९२ मतांनी पाडलं. हेच ते 'काय झाडी' वाले बापू. एवढ्या थोडक्यात पडल्यावर, त्या वयात, दुसरा कुणी घरी बसला असता. आबासाहेब १९९९ ला पुन्हा आले आणि २०१४ च्या लाटेतही टिकले. (देशातला विक्रम वगैरे लिहिताना जरा जपून. केरळात पालामधून के. एम. मणी तेरा वेळा आणि पुदुपल्लीतून ओमन चंडी बारा वेळा निवडून आलेत. महाराष्ट्रात तोड नाही, एवढं बास आहे.)

मला जास्त नवल वाटतं ते पक्षाचं. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, काढणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरेच पुढे काँग्रेसमध्ये परतले. शेकापच्या लाल बावट्याची एकेक गढी ढासळत गेली. हा माणूस हलला नाही. मंत्रिपद मिळालं ते १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात, दोन्ही वेळा थोडक्या काळासाठी. बाकी हयात विरोधी बाकावर.

मग विरोधातला आमदार करतो काय? तारांकित प्रश्न टाकतो, लक्षवेधी लावतो, बजेटवर आकडे घेऊन बोलतो. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाला की ते कार्यवाहीत नोंदलं जातं, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. हे कंटाळवाणं काम आहे, याची रील होत नाही. आबासाहेब दिवसभर सभागृहात बसून राहायचे ते यासाठी.

दुसरं, सूतगिरणी. सांगोल्यात कापूस पिकत नाही. तरी तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चाललीसुद्धा, तेही राज्यात कापसाच्या पट्ट्यातल्या गिरण्यांना कुलपं लागत असताना. कापूस बाहेरून आणायचा, म्हणजे खरेदीत दोन पैसे खाल्ले की गिरणी गेलीच. तिथे ते होऊ दिलं नाही. मला विचाराल तर एसटीच्या दहा फोटोंपेक्षा त्या गिरणीचा एक ताळेबंद वाचावा.

आता पाण्याचं. 'पन्नास वर्षं आमदार, आणि पाणी कुठंय?' हा टोमणा सांगोल्यात प्रत्येक निवडणुकीत ऐकू यायचा. टोमणा खोटा नव्हता. भर उन्हाळ्यात टँकरने डाळिंबाच्या बागा जगवणारे लोक आहेत तिथले. झाड वाचवायला टँकरचे पैसे आणि फळ धरल्यावर तेल्या रोगाची धास्ती. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा झाल्या, टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी मोर्चे झाले, आणि तरी पाणी यायला एक पिढी गेली. सत्तेत गेले असते तर लवकर आलं असतं का? थोडंफार आलं असतं कदाचित. पण शेजारच्या जत, आटपाडी, मंगळवेढ्याकडे बघा. तिकडे सत्तेतले आमदार वर्षानुवर्षं होते, दुष्काळ तोच होता.

मला खटकतं ते वेगळं. इतकी वर्षं पक्ष सांभाळला, पण वारस शोधायची वेळ आली तेव्हा घरातच शोधला गेला. २०१९ ला नातू अनिकेत ७६८ मतांनी पडले, २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. दोघेही डॉक्टर, शिकलेले, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण गावोगाव शेकापचं काम करत म्हातारे झालेल्या कार्यकर्त्यांतून एकही नाव पुढे येऊ नये?

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजने एक काम करावं. विधानसभेच्या कार्यवाहीतून आबासाहेबांची पाणी, रोजगार हमी आणि दुष्काळावरची भाषणं काढून एकत्र छापावीत, मंत्र्यांच्या उत्तरांसकट. पुढच्या ३० जुलैला शेअर करायला काहीतरी मिळेल.