वय मोजताना जितके आठवडे आधी, तितके वजा करा

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वाढीवरचा तुमचा लेख वाचला. त्यात वजन, आहार सगळं नीट आलंय, पण ‘सुधारित वय’ (जन्मापासूनच्या वयातून बाळ जितके आठवडे आधी आलं तितके वजा करून येणारं वय) एका ओळीत उरकलंय. आमचा सगळा घोळ तिथेच झाला होता.

मुलगी ३० व्या आठवड्यात झाली, म्हणजे पूर्ण दिवसांच्या ४० आठवड्यांच्या हिशेबाने दहा आठवडे आधी. सहा महिन्यांची झाली तरी मान धड सावरत नव्हती. येणारा-जाणारा शेजारच्या बाळाशी तुलना करायचा आणि मी रात्री रडत बसायचे. शेवटी फॉलो-अपच्या डॉक्टरांनी कागदावर वजाबाकी करून दाखवली: सुधारित वय चार महिन्यांपेक्षाही कमी! वाढीचा तक्ता आणि बसणं-रांगणं साधारण दोन वर्षांपर्यंत याच वयाने बघायचं. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच. आम्ही तेही पुढे ढकलायला निघालो होतो.

दुसरं, नुसता वजनकाटा बघू नका. लांबी आणि डोक्याचा घेरही तितकाच महत्त्वाचा, कारण घेरावरून मेंदूच्या वाढीचा अंदाज येतो. लोह, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा साठा बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. तोच काळ हुकला की रक्त आणि हाडं दोन्ही कच्ची राहू शकतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब ‘बाळ चांगलं दिसतंय’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. (आमच्याकडे ‘बंद करा’ म्हणणारे तिघे होते.)

आणि हो, अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यातच असते. ती तारीख चुकवू नका.