अहो, डावीकडे वळावं म्हणतो

माझ्या डोक्यातल्या रॅलीत धुळीचा लोट होता, वळणावर मागून घसरत जाणारी गाडी होती आणि चिखलाने माखलेल्या काचेमागे मी होतो. प्रत्यक्षात मी ज्या रॅलीत उतरलो, तिथे ठरवून दिलेला सरासरी वेग होता ताशी ३२ किलोमीटर. या वेगाने पौड रस्त्याला गेलं तर आपल्याला दूधवाला ओव्हरटेक करतो, आणि जाताना मान वळवून बघतोसुद्धा.

धुळीवाली रॅलीही आपल्याकडे होते. रॅली ड्रायव्हर गौरव गिलने आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धा तीनदा जिंकली आणि २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्या रॅलीसाठी गाडीच्या आत लोखंडी पिंजरा लागतो. खास सीट, पट्टे, हेल्मेट, मान मोडू नये म्हणून खांद्यावर बसवायचं यंत्र, मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना आणि गाडी आपटल्यावर ती पुन्हा उभी करण्याएवढे पैसे, हे सगळं वेगळंच. माझ्याकडे नऊ वर्षांची वॅगनआर होती आणि तिचे शेवटचे दोन हप्ते फिटल्याचं पत्र बँकेकडून अजून यायचं होतं.

नवशिक्याने सुरुवात टीएसडीने करावी, असं जाणकार सांगतात. टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. रस्ता नेहमीचा, वाहतूक चालू, गाडी घरचीच. हातात एक रोडबुक देतात. त्यात इतक्या किलोमीटरला हे वळण, इथपासून तिथपर्यंत अमुक सरासरी वेग, एवढंच असतं. वाटेत कुठेतरी, कुठे ते न सांगता, माणूस घड्याळ घेऊन बसलेला असतो. आपण त्याच्यासमोरून ज्या सेकंदाला जायला हवं, त्याच सेकंदाला जायचं. आमच्या रॅलीत उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण दंड होता, लवकर पोचल्यास दोन. थोडक्यात, शर्यतीत जोरात गेलं की दुप्पट शिक्षा. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग तुला जमेल."

शेजारी बसून हिशोब करणारा नॅव्हिगेटर लागतो. बायकोने दोन कारणं देऊन नकार दिला: चालत्या गाडीत वाचलं की तिला मळमळतं, आणि रोज मंडईपर्यंतचा रस्ता सांगते तो तरी मी कुठे ऐकतो. मग तिनेच अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव सुचवलं.

अण्णा एस.टी.त वाहक म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आयुष्य वेळ आणि अंतर यांतच गेलेलं. नियम वाचून दाखवला तर दंडाचं कलम ऐकूनच खूश झाले. "बरोबर आहे," म्हणाले. "उशिरा आलेल्या गाडीला प्रवासी शिव्या देतो, पण गाडी त्याला मिळते. वेळेआधी सोडली तर तो बिचारा फलाटावर पिशवी घेऊन उभा." एवढं पटणारं समर्थन मला आयोजकांकडूनही मिळालं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे पिरंगुटजवळ गाड्यांची तपासणी झाली. दिवे, ब्रेक, हॉर्न, पट्टे, स्टेपनी, पीयूसी, विमा. गाडीतलं सुटं सामान बाहेर काढा म्हणाले. सासूबाईंनी दिलेला चार पुडांचा डबा, दोन छत्र्या, गेल्या दिवाळीपासून डिकीत असलेली सतरंजी आणि एक नारळ बाहेर आला. दारावर २३ नंबर चिकटवला. पहिली गाडी ७ वाजून १ मिनिटाला सुटणार, पुढे दर मिनिटाला एक, म्हणून आमची वेळ ७:२३. अण्णा ७:१० पासून पट्टा लावून बसले होते.

सुरुवातीच्या टप्प्यात आपलं मीटर आयोजकांच्या मीटरशी ताडून बघायचं असतं. त्यांचे १० किलोमीटर झाले तेव्हा आमच्या मीटरवर १०.३ होते. टायर झिजले की घेर कमी होतो, चाक जास्त फिरतं आणि मीटर फुगवून सांगतं. अण्णांनी वहीत नोंद केली, "गाडी किलोमीटरला ३० मीटर खोटं बोलते," आणि पुढचा प्रत्येक आकडा त्या हिशोबाने दुरुस्त करायला घेतला. बाकीच्यांकडे मोबाइलमध्ये ॲप होतं. आमच्याकडे ताशी ३० ला किलोमीटरला १२० सेकंद, ३२ ला एकशे साडेबारा, ३६ ला १०० असा रात्री जागून केलेला तक्ता होता, समासासकट.

अडचण गणितात नव्हती, आदबीत होती.

अण्णा मला लग्नापासून 'जावईबापू' म्हणतात आणि 'अहो'शिवाय बोलत नाहीत. पहिल्याच अवघड वळणाला ते म्हणाले, "अहो जावईबापू, इथून पुढे एक मारुतीचं देऊळ लागेल, त्याच्या अलीकडून जरा डावीकडे वळावं म्हणतो." 'म्हणतो' कानावर आलं तेव्हा मारुती आरशात दिसत होता. ताशी ३२ ने गाडी सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर जाते. नुसत्या 'अहो जावईबापू'ला दीड सेकंद, म्हणजे तेरा मीटर. 'म्हणतो' धरलं तर अर्ध्या फर्लांगाची बेगमी. मोठ्या रॅलीतले नॅव्हिगेटर वळणाला नुसती दिशा आणि ते किती अवघड याचा आकडा सांगतात ते का, हे तिथे कळलं. त्यांच्यापैकी कोणी ड्रायव्हरचा सासरा नसावा.

मागे वळून आलो. अण्णांनी तोडगा काढला. "आपण बेल ठेवू. एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या." अंगठीने ते काचेवर वाजवायला लागले. वर्षानुवर्षांच्या सवयीने आवाजही तसाच यायचा. पण बेलमध्ये डावं-उजवं नसतं, त्यामुळे पुढच्या तिठ्यावर त्यांनी एकदा टकटक केलं, मी थांबलो, मागची २४ नंबरची गाडी थांबली, आणि चौघांनी मिळून रोडबुकातल्या चित्राकडे बघितलं. चित्रात एक गोळा आणि एक बाण असतो. गोळा म्हणजे आपण. आम्ही तेव्हा खरोखर तसेच दिसत होतो.

पौडच्या पुढे म्हशी आल्या. म्हशींना सेकंदाची कल्पना नसते. तीन मिनिटं गेली. अण्णांनी तक्ता न बघता सांगितलं, "पंचेचाळीसने गेलात तर साडेपाच किलोमीटरमध्ये भरून निघेल. त्यापुढे एक मीटरही नको." आणि मी गेलो. रस्ता मोकळा, उजवीकडे मुळशीचं पाणी, अंगात एकदम रॅली संचारली. साडेपाच कधी संपले कळलं नाही. समोर एक सिमेंटचा फाटा डावीकडे फुटत होता, आणि मी सरळ निघालो होतो.

"अरे डावीकडे घे ना गाढवा!"

मी घेतली. गाडी फाट्यात शिरली, डॅशबोर्डवरचा गणपती डुलला. नंतर बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. अण्णांनी चष्मा पुसला. मी आरसा नीट केला, तो नीटच होता. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आता... आता तीनशे मीटरवर उजवी. पाय काढ. पुढे आहेस तू, अकरा सेकंद."

बाभळीमागे छत्री लावून घड्याळवाला बसला होताच. अकरा सेकंद लवकर, बावीस गुण दंड. घड्याळवाला दिसल्यावर थांबून वेळ काढायला परवानगी नव्हती. त्याच्यासमोरून तोंड पाडून जावं लागतं.

पण त्यानंतरचे चाळीस किलोमीटर असे गेले की काय सांगू. "डावी. सोड. दाब. हळू रे. शाब्बास." सगळे शब्द दोन अक्षरी, तीन अक्षरी. एका घड्याळवाल्यापाशी आम्ही फक्त एका सेकंदाने चुकलो आणि अण्णांनी माझ्या मांडीवर थाप मारली. बारा वर्षांत पहिली. त्यांना एखादा मुलगा असता तर त्याच्याशी ते असे बोलले असते का, असा विचार मनात आला, पण ३६ चा टप्पा सुरू झाला आणि तो तिथेच राहिला.

३४ गाड्यांत आम्ही एकविसावे आलो. जेवणात वांग्याचं भरीत होतं. ते आम्ही जिंकल्यासारखं खाल्लं.

परतताना नंबर काढला, डबे परत आत ठेवले, सासूबाईंचा फोन आला. "हो, झालं," अण्णा त्यांना म्हणाले, "जावईबापूंनी छान चालवली." फोन ठेवून त्यांनी पट्टा सारखा केला, आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो.

चांदणी चौकात पूल, उतार, फलक यांचा तो सगळा गुंता समोर आला. कोथरूडचा रस्ता नक्की कुठला ते मला कधीच लक्षात राहत नाही.

"अहो जावईबापू," अण्णा म्हणाले, "मला वाटतं, आपण बहुधा त्या मघाच्या पट्टीतून—"

आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागलो होतो.