मारोस्तिकात मात

परवा इटलीतल्या मारोस्तिका गावाच्या चौकात मी हत्ती झाले. भर चौकात, सोंड हलवून. अजून अंगावर काटा येतोय.

झालं असं, की माणसं सोंगट्या होऊन बुद्धिबळ खेळतात ते बघायला बासानोहून बसने गेलो, कारण त्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. चौकात भलामोठा दगडी पट आहे, पण त्यावर एक बाई फक्त बाबागाडी ढकलत चाललेली. खेळ सम सालच्या सप्टेंबरातच होतो म्हणे. आणि हे 2025! सगळं प्लॅनिंग भाच्याचं. तो म्हणतो, "मामी, किल्ले आहेत ना दोन!" आहेत बाबा, एक खाली, एक डोंगरावर, ऊन मात्र एकच.

दमून कॅफेत टेकले तर शेजारच्या आजोबांनी विचारलं, "इंडिया?" मी हो म्हणाले आणि वर शहाणपणा करून "नागपूर, दिव्या देशमुख" असं आमच्या नागपूरच्या बुद्धिबळपटूचं नावही घेतलं, झालं, त्यांनी पिशवीतून पटच काढला! मला सोंगट्या कशा चालतात तेवढंच माहीत. त्यांनी बोट ठेवलं, "तोर्रे." म्हणजे बुरूज. मी म्हटलं, नाही हो, हत्ती. त्यांना कळेना. मग मी उठून नाकाला हात लावून सोंड केली. "एलेफान्ते?!" आजोबांनी वेटरला बोलावलं, वेटरने आतल्या बाईला, आणि मला परत करायला लावलं. मग उंट. उंट कसा करतात सांगा मला!

इथली दंतकथा अशी, की 1454 मध्ये लिओनोरासाठी दोन सरदार लढायला निघाले, बापाने लढाईऐवजी बुद्धिबळाचा डाव मांडायला लावला, जिंकेल त्याला ती आणि हरेल त्याला धाकटी बहीण. म्हणजे धाकटी उत्तेजनार्थ बक्षीस! तिला कोणी विचारलं का? बरं माणसांचा डाव पहिल्यांदा मांडला 1923 ला, आणि ही गोष्ट त्यात घातली 1954 ला, म्हणजे बाईला बक्षीस करायची आयडिया इतकी जुनीपण नाही. चीडच आली.

तेवढ्यात चौथ्या चालीला आजोबांचा वजीर माझ्या राजापुढे. "स्काक्को मात्तो!" बाकी काही कळलं नव्हतं, हे मात्र लगेच कळलं.

भाच्याने व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकलाय. सोंडेचा. नागपूरहून काकूंचा मेसेज, "दिव्याचं नाव कशाला घेतलंस गं?"