‘घरभाड्यापेक्षा स्वस्त’ या आमच्या जाहिरातीविषयी मालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण जुलै महिन्यात गोव्यात आमची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, तीस रात्रींसाठी भाड्याने घेतली होती. परत गेल्यावर दोन तारे देऊन आपण लिहिले आहे की, भाडे ६०,००० रुपये सांगितले असताना महिनाअखेर १,०५,००० रुपये खर्च झाले, रात्री एसी चालला नाही, शौचालयाची टाकी रिकामी करण्याचेही पैसे पडले, अनामत रकमेतून ९,५०० रुपये कापले गेले, आणि ‘घरभाड्यापेक्षा स्वस्त’ हे आमच्या जाहिरातीतले वाक्य निव्वळ खोटे निघाले. यावर आमच्या कार्यालयाने दिलेले दोन ओळींचे ठरावीक उत्तर मी काढून टाकले असून हे उत्तर स्वतः लिहीत आहे.

जाहिरातीतले ते वाक्य चुकीचेच होते. डिचोलीत किंवा फोंड्यात पावसाळ्यात सामानसुमानासह लहानसा फ्लॅट आमच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतो, हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे डिसेंबरमधले दर समोर ठेवून कधीतरी लिहिलेले ते वाक्य जुलैतही तसेच झळकत राहिले. आता ते काढले आहे.

वरच्या ४५,००० रुपयांचा हिशेब आपण दिला नाही, म्हणून आमच्या नोंदींवरून आणि आपण पाठवलेल्या पावत्यांवरून मी तो मांडतो. डिझेलचे १५,७०० रुपये झाले. वीजजोडणी असलेल्या जागी काढलेल्या २२ रात्रींचे, रात्रीला ७०० रुपयांप्रमाणे, १५,४०० झाले. शौचालयाची टाकी आठ वेळा रिकामी केली, तिचे ३,२००. पाच किलोच्या दोन गॅस सिलिंडरांचे १,२००. आणि अनामतीतून कापलेले ९,५००. यातले आमच्याकडे आले ते १२,७०० रुपये, बाकीचे पेट्रोलपंपावर, गॅसच्या दुकानात आणि जागामालकांकडे गेले. अर्थात आपल्या खिशातून ते गेलेच, त्यामुळे हा फरक मी बचाव म्हणून पुढे करत नाही.

यातला सर्वांत मोठा गैरसमज विजेचा आहे आणि तो आमच्या छायाचित्रांमुळे झाला असावा, कारण छतावरचे सौरपट (सोलर पॅनेल) आम्ही मोठ्या हौसेने दाखवतो. गाडीतली बॅटरी १२ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची आहे. तीत पूर्ण भरल्यावर सुमारे २.४ युनिट वीज असते आणि बॅटरी जपून वापरायची तर त्यातली दोन युनिटेच हाती येतात. छतावरचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला जवळजवळ एक युनिट खातो, म्हणजे दोन तासांत बॅटरी संपते. छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि आपण दोघे दिवसभर ज्यांवर काम करत होतात ते दोन लॅपटॉप यांनाच रोज दीड-दोन युनिटे लागतात. चारशे वॅटचे सौरपट एप्रिलच्या उन्हात दिवसाला साधारण दीड युनिट देतात, परंतु जुलैतल्या गोव्यात, जिथे कधीकधी आठवडाभर सूर्य दिसत नाही, ते त्याच्या निम्मेही देत नाहीत. म्हणजे एसी लावलाच नाही तरी पावसाळ्यात बाहेरच्या प्लगवाचून दोन दिवसांपलीकडे राहता येत नाही. हे गाडी ताब्यात देताना आमच्या माणसाने सांगायला हवे होते. त्याने बटणे दाखवली, हिशेब सांगितला नाही.

मुक्कामाच्या जागेचे पैसे का द्यावे लागतात, असेही आपण विचारले आहे. परदेशी प्रवाशांच्या चित्रफितींमध्ये गाडी माळावर उभी करून फुकट राहतात हे खरे आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवर एका ठिकाणी साधारण चौदा दिवसांपर्यंत असे राहू देतात. गोव्यात तशी व्यवस्था नाही. इथली मोकळी दिसणारी जमीन कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या सामूहिक मालकीची) असते, कोणाच्या कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) भाग असते, वनखात्याची असते किंवा किनारा नियमन क्षेत्रात येते, आणि रात्री तिथे गाडी लावली की कोणी ना कोणी काच वाजवतोच. आपल्या आठ रात्री अशाच गेल्या. त्यांतल्या दोन रात्री केरी-तेरेखोलच्या बाजूला आपल्याला मध्यरात्री गाडी हलवावी लागली, असे आपण लिहिले आहे. सावई वेरेजवळच्या ज्या कुळागरात आपण सर्वांत जास्त दिवस राहिलात, तिथला मालक ७०० रुपयांत वीज, विहिरीचे पाणी आणि न्हाणीघर देतो. हा दर मला तरी महाग वाटत नाही. गाडीबाहेर शेगडी मांडू न देण्याबद्दलची तक्रार मात्र मला मान्य करता येत नाही, कारण पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास २०१९ पासून गोव्यात कायद्याने बंदी असून त्याचा दंड आपल्यालाच भरावा लागला असता.

डिझेलबद्दल एवढेच सांगतो की, ही गाडी भरल्या वजनाने लिटरला आठ किलोमीटर धावते आणि आपण १,४०० किलोमीटर फिरलात. पाळोळेहून मोले, तिथून केरी, पुन्हा काणकोण, असे दर दुसऱ्या दिवशी ठिकाण बदलले तर एवढे डिझेल लागणारच. दहा-दहा दिवस एका जागी राहणाऱ्यांचा खर्च याच्या एक तृतीयांशावर येतो, पण मग गाडी घ्यायची कशाला, असे आपण म्हणाल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शौचालयाच्या टाकीत १८ लिटर मावतात आणि दोन माणसांत ती तीन-चार दिवसांत भरते. ती व्हाळात किंवा गटारात ओतू नये म्हणून आम्ही ठरवून दिलेल्या ठिकाणच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी करण्याची अट घालतो, आणि ती अट राहील. परंतु तिचे प्रत्येक वेळचे ४०० रुपये कराराच्या चौथ्या पानावर लहान अक्षरांत होते. शौचालय वापरणे हा काही ऐच्छिक खर्च नव्हे. हे ३,२०० रुपये आम्ही परत करत आहोत, आणि यापुढे ते भाड्यातच धरले जातील. भाडे त्यामुळे थोडे वाढेल, हेही इथेच सांगून ठेवतो.

अनामतीतले ६,००० रुपये गादीला आलेल्या बुरशीच्या सफाईसाठी कापले होते. जुलैत इथे लाकडी कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तर चोहोबाजूंनी पत्रा असलेल्या, आत स्वयंपाक होणाऱ्या आणि पावसामुळे खिडक्या मिटलेल्या गाडीत ती येणे हा ग्राहकाचा दोष म्हणता येणार नाही. ही कपात चुकीची होती आणि ती रक्कमही परत मिळेल. उरलेले ३,५०० रुपये बाजूच्या ताडपत्रीच्या छपराचे आहेत. ते वारा सुटला की गुंडाळून घ्यावे, असे गाडी ताब्यात देताना सांगितले होते आणि दारावर तशी चिकटपट्टीही आहे. ते रात्रभर उघडे राहिले आणि त्याचा दांडा वाकला. दुरुस्तीचे बिल आपल्याला पाठवले आहे, त्यामुळे ही रक्कम परत करता येणार नाही.

भाडेच मुळात जास्त आहे, या आपल्या मताशी मी वाद घालणार नाही. फक्त पावसाळ्यातही विमा, कर आणि योग्यता प्रमाणपत्र चुकत नाही, आणि खाऱ्या वाऱ्याने चासीला गंज चढायचा थांबत नाही, एवढे कळावे. भाड्याची गाडी असल्याने नवी असतानाही दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी.

अशा रीतीने एकूण ९,२०० रुपये, ज्या खात्यातून आपण अनामत भरली होती त्याच खात्यात या आठवड्यात जमा होतील. आपला अभिप्राय आहे तसा राहू द्यावा. नवीन ग्राहकांना देण्याच्या पत्रकात आम्ही आपल्याच महिन्याचा हिशेब, आपली ओळख न देता, नमुना म्हणून छापू इच्छितो, त्यास आपली हरकत असल्यास कळवावे. आपल्या कुकरची शिट्टी ओट्याखालच्या खणात सापडली आहे. कुरिअरने कोणत्या पत्त्यावर पाठवायची तेही त्याच वेळी कळवावे.

आपला,
मालक, डिचोली