सैल सोडा, सैल सोडा!

‘सैल सोडा’ हे शब्द आम्हा मालिश करणाऱ्यांनी कायमचे टाकून द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते ऐकून कोणाचाही खांदा सैल होत नाही. उलट आपला खांदा आवळलेला आहे याचा ज्याला पत्ताच नव्हता, त्याला तो आता लागतो. मग तो भुवया आक्रसून, श्वास रोखून, मन लावून सैल सोडण्याच्या कामाला भिडतो.

पडताळा सोपा आहे. उताण्या झोपलेल्या माणसाचा हात मनगटाशी धरून वीतभर उचलायचा आणि सोडून द्यायचा. सैल हात धपकन गादीवर पडतो. बहुतेकांचा पडत नाही. तो तिथेच हवेत तरंगतो आणि मालक डोळे मिटून समाधानानं विचारतो, “झालो ना सैल?” काही जण तर इतके सौजन्यशील, की आमचा हात पोचायच्या आत त्यांचा हात मदतीला वर आलेला असतो. पाय उचलायला जावं तर पाय तयार. मान वळवायला जावं तर मान आधीच वळलेली. असा माणूस ६० मिनिटं व्यायाम करून घरी जातो. आम्ही फक्त तेल लावतो.

यात लबाडी काही नाही. अनोळखी हात लागला की स्नायू राखणीला उभा राहतो, आणि त्याला सूचना कळत नाहीत. त्याला कळतं वजन, ऊब आणि लय. म्हणून सुरुवातीला एक तळवा दोन खवाट्यांच्या मध्ये, दुसरा माकडहाडावर ठेवून तीन-चार श्वास नुसतं थांबायचं. मग अंग कडेकडेनं हलकं झुलवायचं. माणूस श्वास सोडतो तेव्हा दाब वाढवायचा, घेतो तेव्हा कमी करायचा. श्वास सोडताना नाडीही जराशी मंदावते, तिला सोबत घ्यायची. पाचेक मिनिटांत खांदे कानांपासून वेगळे होऊ लागतात. तेवढ्यात कोणी “सैल सोडा हं” म्हटलं, की सगळं मुसळ केरात!

पण संकट त्याच्याही आधी सुरू होतं, कपड्यांपाशी. “तुम्हाला बरं वाटेल तेवढे काढा” असं सांगून मालिशवाला खोलीबाहेर जातो आणि आत एक गंभीर पेच उभा राहतो. बरं तर एकही न काढता वाटत असतं! उत्तर सरळ आहे: अंतर्वस्त्रं राहू द्यावीत, दागिने, घड्याळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, चादरीखाली पालथं व्हावं. ज्या अवयवावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी सगळं झाकायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. कूस बदलताना मालिशवाला चादरीची जवळची कड आपल्या मांडीनं टेबलाशी दाबून धरतो, पलीकडची कड तंबूसारखी वर उचलतो आणि स्वतः नजर वळवतो. त्या तंबूत फक्त वळायचं असतं. लोक मात्र चादरीसकट वळतात आणि गुंडाळलेल्या अवस्थेत पुढची सूचना ऐकायला कान शोधत राहतात.

पालथं झोपल्यावर चेहरा गोल भोकाच्या उशीत जातो. वजन कपाळावर आणि गालांच्या हाडांवर यायला हवं. डोळ्यांवर आलं तर उशी चुकीची लागली आहे. ती वरखाली होते, तिचा कोनही बदलतो, पण हे विचारायचं कोणाला सुचत नाही. माणूस हनुवटी अडकलेल्या स्थितीत जमिनीकडे बघत मालिशवाल्याच्या चपलांचा अभ्यास करतो. वीसेक मिनिटांत नाक चोंदतं, कारण डोकं खाली असल्यानं नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात. मग तोंडानं श्वास, मग लाळ. लाळ जमिनीवर पडते आणि पडणारच. तिच्याबद्दल शरमून मान ताठ करू नये, नाहीतर जिच्यासाठी आलो तीच मान बिघडवून परत जाल. घोट्यांखाली लोड घ्यावा म्हणजे पावलं टेबलावर दाबली जात नाहीत; उताणं झाल्यावर तोच लोड गुडघ्यांखाली सरकवला की कंबरेवरचा ताण कमी होतो.

आता मुख्य परीक्षा. “जोर कसा आहे?” या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळतं: “ठीक आहे.” ते दातांतून येतं. एवढं बोलताना पायाची बोटं मुडपलेली असतात, मुठी वळलेल्या असतात आणि श्वास थांबलेला असतो. आम्ही उत्तर ऐकतच नाही, बोटं बघतो. दुखणं एक ते दहात मोजलं तर पाच ते सात पुरे. ‘दुखतंय, पण हवंहवंसं’ म्हणतात ते इथेच. आठच्या पुढे स्नायू उलट झुंजायला लागतो आणि कोपर कितीही रोवलं तरी आत जात नाही. तरी ‘सोसलं तरच गुण येतो’ ही समजूत चिवट आहे. तिचा गुण दुसऱ्या दिवशी येतो: ठणका आणि निळसर डाग. ठणका दोन दिवसांत बसला तर ठीक. त्यापुढे टिकला तर जोर जास्त झाला असं धरावं.

दोष आमच्याकडेही असतो. अंग तापवायच्या आधीच खोल शिरायचं, ही नवशिक्यांची खोड. आधी तळव्यांनी लांब हात फिरवायचे, मग मळायचं, मग अंगठा किंवा कोपर. आणि खोल दाब द्यायचा तो इंच-इंच सरकत. खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याशी एक गाठ लागते, मान पुढे घालून काम करणाऱ्या प्रत्येकाला लागते. ती शोधायच्या नादात काही बहाद्दर चक्क बरगडी रगडत बसतात आणि वर सांगतात, “फारच जुनी गाठ आहे.” असणारच, जन्मापासूनची आहे! मणक्याच्या हाडावर थेट दाब द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर द्यायचा. गळ्याची पुढची बाजू, काख, कोपराची आतली बाजू आणि गुडघ्यामागची खोबण इथे नसा आणि रक्तवाहिन्या उथळ असतात, तिथे जोर नको. कंबरेच्या वर, मूत्रपिंडांच्या जागी थापट्याही नकोत.

गुदगुल्या हा वेगळाच छळ. तळपायाला हात लागताच सभ्य, वयस्कर माणूसही लाथ मारतो, आणि ती बरोबर हनुवटीला बसते. इथे हलका हात हाच गुन्हा आहे. पूर्ण पंजानं, घट्ट, सावकाश धरावं. तरीही जमत नसेल तर त्याचाच हात आपल्या हातावर ठेवायला सांगावा. स्वतःच्या हालचालीचा अंदाज मेंदूला आधीच असतो, म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, आणि ही युक्ती त्याच भोळेपणाचा फायदा घेते.

तेलाचा हिशेब कोणी विचारत नाही, पण बिघडतं ते तिथेच. सगळ्या अंगाला २० ते ३० मिलिलिटर पुरतं. केसाळ पाठ असेल तर थोडं जास्त. कमी पडलं तर केस ओढले जातात आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या येतात. फार झालं तर हात नुसता घसरतो, पकड मिळत नाही. तेल आधी आपल्या तळव्यावर घ्यायचं. थेट पाठीवर ओतलेली गार धार पंधरा मिनिटांची कमाई एका क्षणात धुऊन नेते. सुगंधी अर्क घालायचा तर ३० मिलिलिटर साध्या तेलात साधारण १२ थेंब, म्हणजे दोन टक्के; चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणून शुद्ध अर्क अंगाला चोळणाऱ्यांना काय होतं ते त्यांची कातडी सांगते. बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाचा अर्क लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. ‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे यांचं पुस्तक १९३७ सालचं. त्यानंतर सुगंधाला बरं करता येणार नाही असा एकही आजार विक्रेत्यांनी शिल्लक ठेवलेला नाही. आणि तेलकट टॉवेल धुऊन ड्रायरमधून काढल्यावर गरम असतानाच घडी घालून रचून ठेवू नयेत. आत राहिलेलं तेल तापत जाऊन ते आपोआप पेटल्याची उदाहरणं आहेत.

मालिशशिवाय बाकी उपचारांचंही भलं मोठं कपाट आहे. शिरोधारेत कोमट तेल कपाळाच्या साधारण चार बोटं वरून धरतात. धार तुटली की डोक्यातले विचार परत जोडले जातात. नंतर केसांवर आधी पाणी ओतू नये. कोरड्या केसांनाच शाम्पू चोळावा, मग पाणी, नाहीतर तेल आठवडाभर मुक्काम करतं. गरम दगडांच्या मालिशमध्ये दगड तापवायचं पाणी ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. त्यातला दगड अंगावर फिरता ठेवावा लागतो आणि एका जागी ठेवायचा तर मध्ये कापडाची घडी लागते. मालिशवाल्यानं तो आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला नाही, तर खुशाल उठून बसा. कपिंगचे, म्हणजे अंगाला पेले लावून कातडी आत ओढून घेतल्याचे, गोल डाग म्हणजे बाहेर आलेलं ‘अशुद्ध रक्त’ नव्हे. ओढीनं फुटलेल्या बारीक केशवाहिन्यांचं ते रक्त, आणि डाग दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर ते दिसले, आणि मग पोहता न येणाऱ्यांच्या खांद्यांवरही दिसू लागले. रिफ्लेक्सॉलॉजीत तळपायाचे ठरावीक बिंदू दाबतात, आणि तिच्या नकाशात यकृतापासून सायनसपर्यंत सगळे तळपायांवर राहायला आलेले असतात. त्या नकाशाला शरीरशास्त्राचा आधार नाही. पण पाय चेपून घेणं सुखाचं असतं, आणि मला वाटतं तेवढं कारण पुरे.

मालिशनं विषारी द्रव्यं निघून जातात, हे मात्र आता थांबवा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. व्यायाम करताना स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारं लॅक्टेट नंतर साधारण तासाभरात आपणहून ओसरतं. दोन दिवसांनी दुखणाऱ्या मांड्यांशी त्याचा संबंध नाही. नंतर पाणी प्यावं ते तहान लागली म्हणून.

सुरुवातीचा फॉर्म लोक ज्या वेगानं भरतात, तो पाहून माझी पाठ आवळते. सगळीकडे ‘नाही’. मग टेबलावर कळतं, की गुडघ्यात पट्टी आणि स्क्रू आहेत, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि थोडासा तापही आहे, “पण तो कालपासूनच.” ताप, कातडीचा संसर्ग, नुकतंच मोडलेलं हाड असेल तर मालिश नाही. गोळ्या चालू असताना किंवा गरोदरपणी आधी डॉक्टरांना विचारायचं. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर आणि दुखरी असेल तर ती कोणाकडूनही चोळून घ्यायची नाही, ताबडतोब डॉक्टर गाठायचा: आत गुठळी असली तर ती चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पोट गुरगुरलं तर माफी मागू नका. अंग निवांत झाल्यावर पचनसंस्था कामाला लागते, त्याचाच तो आवाज, आणि आम्हाला मिळणारी ती एकमेव प्रामाणिक दाद. घोरलात तरी चालेल. बोलायचं नसेल तर गप्प राहिलात तरी आम्ही रुसत नाही. एवढंच करा, की लघवीला आधी जाऊन या आणि जेवण दीड-दोन तासांपूर्वी आटपा. अर्ध्यावर उठायची लाज वाटते म्हणून उरलेली ३० मिनिटं ओटीपोट आवळून धरणाऱ्या माणसाच्या कंबरेला जगातला कोणताही हात सैल करू शकत नाही.

संपल्यावर झटकन उठून बसू नये. रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येते. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या आधारानं बसा, मिनिटभर थांबा. तळपाय पुसल्याशिवाय फरशीवर उतरू नका. मग कपडे घालून, बूट चढवून, पिशवी त्याच दुखऱ्या खांद्याला अडकवून दाराच्या कडीला हात घालताना अनेक जण वळून म्हणतात, “बाकी सगळं छान झालं, पण खरं दुखणं डाव्या खांद्यात होतं, तो राहिलाच!” ते पहिल्या पाच मिनिटांत सांगा. पुढचा माणूस तोवर टेबलावर चढून हात वर करून तयार असतो.