बादलीभर चिल्लर

आईने मोठी बरणी मागितली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडेच आहे, आणि काठोकाठ भरलेली आहे.

आजीच्या वेळची चिनीमातीची बरणी. २००८ साली नोकरी लागली तेव्हा 'दोन दिवस' म्हणून मी ती माझ्या खोलीत नेली आणि रोज रात्री खिशातली चिल्लर तिच्यात टाकायला लागलो. पुढे फोनवरून पैसे द्यायची सोय झाली, आवक आटली, पण बरणी परत करायचं काही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं आई लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यांत घालत होती. गेल्या वर्षी त्याला बुरा आला. दोष डब्याचा, म्हणजे फिरून माझाच.

"परवा कैऱ्या आणतेय. त्याआधी बरणीला ऊन दाखवायचंय," आईने सांगितलं. मी म्हटलं, "रविवारी देतो." बायको तेवढ्यात आतून म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्या नाण्यांना मिळणार नाही." शेवटी न्हाणीघरातली निळी बादली मिळाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे पिंपातून थेट तांब्याने आंघोळ करू लागलो.

रविवारी हॉलमध्ये जुनी चादर अंथरली आणि मोजायला बसलो. एक रुपयाची ११४०, दोनची ६१२, पाचची २८८, दहाची ९४. एकूण ४७४४ रुपये. शिवाय आठ आण्यांची ३७ आणि चार आण्यांची ४३. पायाखालच्या काट्यावर बादली ठेवली तर साडेदहा किलो. मुलगी तिसरीत आहे. तिने एक रुपया उचलून विचारलं, "बाबा, हा अंगठा का दाखवतोय?" नृत्यमुद्रांची ती मालिका. रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. भारत सरकारने नागरिकाला इतक्या उघडपणे अंगठा दाखवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मला वाटलं होतं, लोक हातोहात घेऊन जातील. सबंध जन्म मी 'सुट्टे द्या' ऐकत काढलाय. एसटीच्या कंडक्टरने तिकिटामागे 'बाकी ४' लिहून दिलं आणि मी मागायचं विसरून उतरलो, असं किमान दहा वेळा झालंय. वाण्याने रुपयाऐवजी दिलेल्या गोळ्यांनी माझी एक दाढ गेलीय. एके काळी तर पंच्याण्णवची चिल्लर शंभराला विकली जायची. आणि आता माझ्याकडे बादलीभर होती, तर वाणी म्हणाला, "साहेब, स्कॅन करा ना." रिक्षावाल्याने दहाचं नाणं नखाने खरवडून परत दिलं. हे चालत नाही म्हणे. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात असं जाहीर केलंय, हे मी त्याला सांगितलं. "मग त्यांनाच द्या," तो म्हणाला. तसा मुद्दा बिनतोड होता.

प्लंबरचे तेराशे रुपये नाण्यांत द्यायचा विचार मी बोलून दाखवला. बायको वकिलाकडे कामाला आहे. नाणी कायदा, २०११ प्रमाणे रुपयाची आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन धरली जातात, आणि आठ आणे फक्त दहा रुपयांपर्यंत, ही माहिती तिने पोळी लाटता लाटता दिली. म्हणजे माझ्या सदतीस आठ आण्यांपैकी वीसच द्यायचे, उरलेल्या सतरांना समोरचा खुशाल नाही म्हणू शकतो.

राहिली बँक. मी तयारीने गेलो. बँकांनी नाणी नाकारू नयेत, एक-दोन रुपयांची शक्यतो वजनावर घ्यावीत, नाहीतर शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घ्यावीत, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. त्याची छापील प्रत खिशात आणि बादली हातात. सुरक्षारक्षकाने आधी आत पाणी आहे का ते पाहिलं.

परिपत्रक वाचून मॅनेजरसाहेबांनी सोनेतारणाचा काटा मागवला. मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. त्यांनी नव्वदच्या दशकातला एक स्टीलचा रुपया ठेवला: ४.८५ ग्रॅम. मग २०११ नंतरचं दोन रुपयांचं नाणं ठेवलं: ४.८५ ग्रॅम. पुन्हा ठेवून पाहिलं, तेच. हल्लीचा नवा रुपया याहून हलका, त्याआधीचा वेगळाच, आणि अकरा कडांचं जुनं दोन रुपयांचं नाणं पार जड. साहेबांनी काटा हळूच बंद केला आणि म्हणाले, "पिशव्या करून आणा."

पिशव्या बावीस झाल्या. तेव्हा कॅशियर मॅडमनी शुल्काचा तक्ता दाखवला. दिवसाला एक पिशवी मोफत, पुढच्या प्रत्येकीला पाच रुपये. एकवीस पिशव्यांचे एकशे पाच, वर अठरा टक्के जीएसटी. एकूण १२३ रुपये ९० पैसे.

एकशे तेवीस मी सोडलेही असते. पण नव्वद पैसे! जी बँक माझ्या आठ आण्यांकडे झुरळ पाहावं तसं पाहत होती, ती माझ्याकडून नव्वद पैसे कापणार होती. ते ज्या नाण्यांत मोजायचे त्यांतलं फक्त आठ आण्यांचं आज चालतं, आणि ते एक घातलं तरी चाळीस पैसे उरतातच. मी म्हटलं, "रोज एक आणतो."

अशा रीतीने मी बावीस दिवस बँकेत गेलो. दुसरा शनिवार, चौथा शनिवार, एक सुट्टी, एकदा 'सर्व्हर डाऊन' धरून महिना उलटला. रोज दहा वाजता पिशवी, स्लिप, टोकन. मॅडम शंभर नाणी टेबलावर ओतून दहा-दहाच्या चळती रचायच्या आणि मागे उभ्या पेन्शनर आजोबांचा श्वास माझ्या मानेवर जाणवायचा. आठव्या दिवशी ते म्हणाले, "तुमचं देऊळ आहे का?" मी नाही म्हटलं. "मग एवढा खुर्दा?" शिर्डीला नाणी इतकी साचली की बँकांना ठेवायला जागा उरली नाही, अशी बातमी २०२३ मध्ये आली होती, ती मी त्यांना सांगितली. त्यांनी साईबाबांना हात जोडले. माझ्याबद्दलचं मत मात्र बदललेलं दिसलं नाही. त्याच साली रिझर्व्ह बँकेने क्यूआर कोडवर चालणारी नाण्यांची यंत्रंही प्रायोगिक तत्त्वावर आणायचं जाहीर केलं. म्हटलं, सुटलो. पण ती नाणी देतात, घेत नाहीत.

अकराव्या दिवशी मॅडमनी काचेतून खुणावलं. "तुमच्याकडे चकचकीत एक रुपये असतील का हो एकवीस? भाच्याचं लग्न आहे, आहेराची पाकिटं करायचीत. अंगठ्याचे नकोत. आहेरात अंगठा कसा द्यायचा!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नसराई ऐन भरात होती. गूगल पेवर एकशे एक पाठवता येतात, पण पाकिटावर चिकटवायचा बंदा रुपया कुणाच्या घरात उरलेला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी नुसतं 'रुपये आहेत' एवढंच टाकलं. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग तळमजल्यावरचे गुरुजी, ज्यांना सत्यनारायणाच्या सुपारीखाली ठेवायला नाणी लागतात. गुरुजींनी दोनांची पिशवीही नेली. बायकोचं म्हणणं होतं कमिशन घ्यावं. पण शुल्काविरुद्ध मी गेले दोन आठवडे लढत होतो, थोडी लाज होती. बँकेत जायचं मात्र थांबवता येईना. एखाद्या दिवशी गेलो नाही की मॅडम दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "काल आला नाहीत?" शेवटचे काही दिवस मी पाच आणि दहाची नाणी मिसळून पिशव्या लांबवल्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बादली धुऊन न्हाणीघरात परत गेली. लोणचंही मुरलं. पहिल्या दिवशी आईने फोड वाढली तेव्हा मी चव घेऊन पाहिली. लोखंडाचा वास येत नव्हता.

उरली ती चार आण्यांची त्रेचाळीस. २०११च्या ३० जूनपासून ती चलनात नाहीत, बँक घेत नाही, गुरुजीही घेत नाहीत. नाण्यावरचा गेंडा मुलीला आवडला म्हणून तिने दोन सापशिडीला घेतली. बाकीची मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर आईने हात धरला.

"राहू देत. बंद केली त्यांनीच ना? उद्या चालूही करतील."

आणि तिने फडताळातून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला. "टाक," म्हणाली.